पुण्याजवळच्या नदीखोऱ्यांतले शांत सायकल रस्ते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सायकल घेऊन पुण्याच्या पश्चिमेला आणि दक्षिणेला फिरणाऱ्यांकडून तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवली. प्रश्नांना नंबर दिलेत, कारण काही उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत आणि तेच पुन्हा लिहायचा कंटाळा येतो.

१. नक्की कुठल्या भागाबद्दल बोलताय?

पवना, मुळा, गुंजवणी, नीरा आणि कृष्णा या नद्यांची वरची खोरी, म्हणजे मावळ, मुळशी, वेल्हे (आता राजगड तालुका), भोर आणि वाई. त्यात पुरंदरचा चढउताराचा भाग मी धरतो, कारण तो या खोऱ्यांना आतल्या रस्त्यांनी जोडतो. सगळं डांबरी, मातीतल्या माउंटन बायकिंगचं इथे काही नाही.

२. रस्ता शांत असेल का हे आधीच कसं ओळखायचं?

हा प्रश्न कळला की बाकीचे निम्मे विचारावे लागत नाहीत. आपल्या नद्या सह्याद्रीच्या धारेवर उगवतात आणि पूर्वेला वाहतात. म्हणजे खोऱ्यातून पश्चिमेला जाणारा रस्ता शेवटी धारेच्या भिंतीला जाऊन भिडतो, आणि त्या भिंतीतून खाली कोकणात गाडीरस्ता उतरतो का, एवढंच बघायचं. उतरत असेल तर त्या रस्त्यावर ट्रक, एसट्या, माणगाव-महाडच्या गाड्या सगळं असणार. मुळशीचा रस्ता ताम्हिणीतून खाली उतरतो, भोरचा वरंध्यातून. उतरत नसेल तर रस्ता धरणाच्या मागे एखाद्या वाडीत संपतो आणि त्यावर फक्त तिथे राहणारी माणसं, दुधाची गाडी आणि दिवसातून ठरलेल्या वेळी येणारी एसटी एवढंच असतं. वेल्ह्याच्या पुढचं केळद बघा, तिथून मढे घाट उतरतो पण तो पायवाटेचा, म्हणून रस्ता मोकळा. वाईच्या वर कृष्णेच्या खोऱ्यात जोर गाव आहे, तिथून महाबळेश्वरच्या पठारावर चढायला जंगलातली पायवाट आहे, गाडीरस्ता नाही, म्हणून तोही मोकळा.

दुसरी खूण म्हणजे नदीचे दोन काठ. बहुतेक खोऱ्यांत एका काठाला मोठा रस्ता असतो आणि दुसऱ्या काठाने गावागावांना जोडणारा बारका, वेडावाकडा रस्ता जातो. तो बारका घ्यायचा. पाच-सात किलोमीटर जास्त पडतात, पडू दे.

याला अपवाद आहेत, ते प्रश्न ५ आणि १८ मध्ये बघा.

३. मी अगदीच नवीन आहे, ४० किमीच्या वर कधी गेलो नाही. सुरुवात कुठून करू?

कोळवण खोरं. सायकल गाडीवर टाकून पौडपर्यंत जा (चांदणी चौक ते पौड रस्त्यावर ट्रॅफिक आहे, पहिल्याच राईडला तो भोगायची गरज नाही), गाडी तिथे लावा आणि कोळवण, हाडशी करत तिकोना पेठेकडे निघा. एका बाजूला वीसेक किलोमीटर. कोळवणपर्यंत जवळजवळ सपाट, दोन्ही बाजूंना भातखाचरं. हाडशीच्या पुढे थोडी चढाई आहे, दम लागला तर हाडशीवरूनच परत फिरा, कोणी विचारत नाही. खिंड ओलांडली की समोर तिकोना आणि त्याच्या मागे तुंग हे किल्ले दिसायला लागतात. माझ्या मते पुण्याजवळचा हा सगळ्यात चांगला अर्धा तास आहे.

४. माझ्याकडे साधी बिनगिअरची सायकल आहे / हायब्रिड आहे / रोडबाईक आहे. चालेल का?

हायब्रिड तर एकदम योग्य. रोडबाईक असेल तर टायर २८ मिमी किंवा त्याहून जाड घाला, ३२ बसत असेल तर अजून बरं, कारण आतल्या रस्त्यांवर डांबर मध्येच संपतं आणि खडी सुरू होते, ती कुठे हे दरवर्षी बदलतं. गिअरचं म्हणाल तर घाट करायचे असतील तर पुढे छोटी चकती ३४ दात्यांची आणि मागे मोठी ३२ किंवा ३४ दात्यांची असू दे. पुढे ३९ आणि मागे २५ घेऊन मांढरदेवचा घाट (भोर-वाईच्या मधला, प्रश्न १०) चढणारे लोक आहेत, पण त्यांचे गुडघे त्यांच्यापाशी.

बिनगिअरच्या सायकलवर पौड-कोळवण किंवा वाई-मेणवली-धोम आरामात होतं. गावातली माणसं त्याच सायकलींवर दुधाचे कॅन घेऊन जात होती, आपल्याला काय झालंय.

५. शनिवार-रविवारच सुट्टी असते हो. मग गर्दीचं काय?

धरणापर्यंत जाणारे रस्ते सोमवार ते शुक्रवार रिकामे आणि शनिवारी दुपारनंतर वेगळंच जग. पवनेच्या काठी तंबूवाले खूप झालेत, त्यामुळे शनिवारी संध्याकाळी कामशेत-पवनानगर रस्ता गाड्यांनी भरतो आणि रविवारी सकाळी दहानंतर हीच मंडळी परत निघतात, काहींची झोप झालेली नसते. लवासाकडे जाणारा टेमघरचा चढ, पानशेत रोड, सिंहगडचा पायथा, इथेही तसंच. पावसाळ्यात याच्या दुप्पट समजा.

उपाय एकच, लवकर निघा. रविवारी साडेपाचला पेडल मारलं आणि दहाच्या आत परत मोठ्या रस्त्याला लागलात तर गर्दी तुम्हाला समोरून येताना दिसते, तिच्यात अडकावं लागत नाही. हे जमत नसेल तर रविवारी सरळ पुरंदर (प्रश्न १२) किंवा वेळवंडीचं खोरं (प्रश्न ९) निवडा, तिकडे पर्यटक कमी.

६. जाताना इतका त्रास का होतो आणि येताना सायकल आपोआप का पळते?

कारण दोन गोष्टी एकत्र येतात. खोरं पूर्व-पश्चिम आहे, जाताना तुम्ही नदीच्या वरच्या अंगाला जाता म्हणजे हळूहळू चढत असता, डोळ्याला ते सपाट वाटतं पण नसतं. त्यात मार्च ते मे दुपारपासून समुद्राकडून पश्चिमेचा वारा खोऱ्यात घुसतो आणि पावसाळ्यात तर तो दिवसभर असतो. म्हणून सकाळी वारा पडलेला असताना पश्चिमेला जायचं आणि तो उठल्यावर पूर्वेला परतायचं, फुकटात ताशी पाच किलोमीटर मिळतात. नोव्हेंबर ते जानेवारीत वारा बहुतेक पूर्वेचा असतो, पण हलका असतो, तेव्हा फार विचार करू नका.

गोल राईड करत असाल तर शेवटचा टप्पा पूर्वेला जाणारा ठेवा. उलट केलंत तर शेवटचे वीस किलोमीटर तोंडावर वारा घेऊन शिव्या देत येता.

७. कुठला सीझन चांगला?

सप्टेंबर शेवट ते नोव्हेंबर मध्य. भात पिवळा व्हायला लागलेला, धरणं भरलेली, रस्ते वाळलेले. मावळ-मुळशीत आंबेमोहोर आणि इंद्रायणी असतो आणि सकाळी त्याचा वास रस्त्यावर येतो, हे वाचून कळत नाही, जाऊन बघा.

डिसेंबर-जानेवारी पण छान, फक्त एक लक्षात ठेवा. थंड हवा जड असते आणि रात्री खोऱ्याच्या तळाला साचते, त्यामुळे टेकडीवरच्या गावात जितकी थंडी असते त्याहून खाली नदीकाठी जास्त असते. धरणाच्या बाजूला धुकं इतकं दाट असतं की पन्नास मीटरवरचं दिसत नाही. मागचा लाल दिवा चालू ठेवा आणि हातमोजे घ्या.

एप्रिल-मे मध्ये साडेनऊनंतर तापतं. पण एक गंमत आहे, पाणी खाली गेलं की बुडालेली देवळं बाहेर येतात. पवना धरणात वाघेश्वराचं, भाटघरमध्ये कांबरेश्वराचं. दोन्ही बघायला सायकल उत्तम, शेवटचा तुकडा चालावा लागतो.

८. पावसाळ्यात जावं की नाही?

जावं, पण चार गोष्टी सांभाळून. भातलावणीच्या दिवसांत ट्रॅक्टर खाचरातून थेट रस्त्यावर येतात आणि चाकांना लागलेला चिखल डांबरावर पसरतो, त्यावर वळणात ब्रेक मारला की आडवे. फरशी पुलांवर आणि झाडांच्या सावलीतल्या उतारांवर शेवाळ धरतं, तिथून सरळ जायचं, हँडल वळवायचं नाही. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर ते कितीही उथळ दिसलं तरी थांबा किंवा मागे फिरा, वरच्या धरणातून विसर्ग सुरू असेल तर पाणी बघता बघता वाढतं. आणि घाटात दरड. वरंधा घाट तर पावसाळ्यात प्रशासन बऱ्याचदा वाहतुकीसाठी बंदच ठेवतं, निघायच्या आधी भोरमध्ये कोणालाही फोन करून विचारा.

रेनकोटचं म्हणाल तर ताम्हिणीच्या पावसात कुठलाच टिकत नाही. ओले व्हायचंच आहे असं धरून चला, मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत घाला.

९. भोरच्या बाजूला काय काय आहे?

भोर म्हणजे माझा कमकुवतपणा, त्यामुळे उत्तर लांब होणार.

हायवेवर कापूरहोळ फाट्याला आत वळलं की तेरा-चौदा किलोमीटरवर भोर. इथपर्यंत वाहतूक आहे. भोरच्या अलीकडे एका ठिकाणी नीरा नदी गोल वळसा घेते, त्याला सगळे नेकलेस पॉइंट म्हणतात, सेल्फीवाल्यांची गर्दी असते, एकदा बघून पुढे सरका. भोरमध्ये पोटभर खाऊन घ्या. इथून तीन वाटा फुटतात.

पहिली वेळवंडीच्या खोऱ्यात, भाटघर धरणाच्या काठाकाठाने. धरण ब्रिटिशांच्या काळातलं आहे, त्याच्या जलाशयाला येसाजी कंकांचं नाव दिलंय. रस्ता सतत वरखाली होतो, प्रत्येक ओढ्याला आत शिरून परत बाहेर येतो, त्यामुळे नकाशावर दहा दिसणारे किलोमीटर पाय पंधरा म्हणून मोजतात. पुढे कोकणात गाडीरस्ता जात नाही, म्हणजे प्रश्न २ चा नियम. या भागातला सगळ्यात शांत रस्ता मी हाच म्हणेन.

दुसरी नीरेच्या खोऱ्यात, नीरा देवघरच्या जलाशयाला चिकटून हिरडोशीकडे. देखणा आहे, पण हाच पुढे वरंध्यात जातो. घाट बंद असलेल्या दिवसांत हा रस्ता अक्षरशः सायकलवाल्यांचा असतो, फक्त ज्या पावसामुळे तो बंद आहे तो पाऊस तुमच्यावर पण पडत असतो.

तिसरी आंबवड्याकडे. आंबवड्याला नागेश्वराचं देऊळ आणि जुना झुलता पूल आहे, झाडी दाट, थांबायला जागा झकास. तिथून एक फाटा कोर्ल्याकडे, रायरेश्वर आणि केंजळगडाच्या पायथ्याला जातो, शेवटचा चढ छाती फोडणारा आहे. दुसरा मांढरदेवच्या घाटाला लागतो आणि थेट वाईला उतरतो, त्याबद्दल पुढच्या प्रश्नात.

१०. पुण्याहून वाईला सायकलने जायचंय पण हायवे नको. शक्य आहे का?

आहे, आणि मला विचाराल तर तोच खरा रस्ता. हायवेने साधारण ९० किमी, पण त्यात खंबाटकी घाट आहे. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना जुना घाट चढावा लागतो, ट्रक तुमच्याच वेगाने बाजूला धूर सोडत चढत असतात. परत येताना वाहतूक बोगद्यातून येते आणि सायकलवाल्याने त्या बोगद्यात शिरणं मला पटत नाही, कडेला जागा नाही आणि मागून येणारा ट्रक उताराला लागलेला असतो.

त्याऐवजी असं करा. कोंढवा, बोपदेव घाट, सासवड, नारायणपूर, चिव्हेवाडीचा घाट उतरून केतकावळे, कापूरहोळ, भोर, आंबवडे, मांढरदेव, वाई. कोंढवा-येवलेवाडीपर्यंतचा भाग गचाळ आहे, तो सहाच्या आत संपवा. कापूरहोळला हायवे नुसता ओलांडायचा. अंतर हायवेपेक्षा बरंच जास्त होतं आणि चढ तर विचारू नका: बोपदेव, मग नारायणपूरकडची चढउतार, मग सगळ्यात शेवटी मांढरदेव, आणि तोही ऊन डोक्यावर आल्यावर. म्हणून एका दिवसात नको. भोरला मुक्काम करा, दुसऱ्या दिवशी पहाटे मांढरदेव चढा, नऊ वाजता वाईत मिसळ खा.

मांढरदेवचा घाट वाई-पाचगणीच्या पसरणी घाटापेक्षा अवघड आहे, वळणं जास्त खडी आहेत. वरून वाईकडे उतरताना कृष्णेचं अख्खं खोरं खाली पसरलेलं दिसतं, पण तुम्ही रस्त्याकडे बघा, खोरं बघायला थांबा.

मंगळवार, शुक्रवार, अमावास्या-पौर्णिमा काळुबाईच्या दर्शनाची गर्दी असते. पौष पौर्णिमेच्या यात्रेत तर अजिबात जाऊ नका (प्रश्न १८).

११. वाईला पोचलो. आता?

ढोल्या गणपतीच्या घाटावर सायकल टेकवा, पाय धुवा, मग मेणवलीच्या रस्त्याला लागा. तीनेक किलोमीटरवर नाना फडणवीसांचा वाडा, मागे नदीचा घाट आणि तिथली मोठी घंटा. ती वसईच्या पोर्तुगीजांकडून आलेली, चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली त्यानंतरची. पुढे धोम गाव, तिथला नंदी कासवाच्या पाठीवर बसलाय, तो बघितल्याशिवाय परतू नका. इथपर्यंत रस्ता सपाट, ऊस आणि हळदीच्या शेतांमधून, लहान मुलांना घेऊन सुद्धा होईल.

धोमच्या पुढे जलाशयाच्या काठाने वर वर गेलात की बलकवडीचं धरण आणि सगळ्यात शेवटी जोर. एका बाजूला कमळगड, समोर महाबळेश्वरच्या पठाराची भिंत. दुकानं फारशी नाहीत, पाणी धोममध्येच भरा. जाऊन-येऊन अर्धा दिवस धरा.

पसरणी घाटाने पाचगणी हा प्रश्न सगळे विचारतात. वाई समुद्रसपाटीपासून ७०० मीटरच्या थोडी वर, पाचगणी १३०० च्या जवळ, मधलं अंतर बारा किलोमीटर, म्हणजे सरासरी पाच टक्के चढ, एकसारखा, लय लागली की मजा येते. पण शांत? मुळीच नाही. पुण्या-मुंबईची अख्खी पाचगणी-महाबळेश्वर गर्दी याच रस्त्याने जाते. आठवड्यातल्या मधल्या दिवशी सकाळी सहाला चढा. शांतच हवा असेल तर महाबळेश्वरहून केळघर घाटाने मेढ्याला उतरा आणि वेण्णेच्या खोऱ्यातून साताऱ्याला या. तिकडे वाहतूक कितीतरी कमी.

१२. नदी-धरण नको, नुसता चढउतार हवाय. पाय तयार करायचेत.

पुरंदर. सासवड मध्यभागी धरा आणि गराडे, भिवरी, नारायणपूर असं कुठेही फिरा. कऱ्हा या भागात उगवते पण ती काय कृष्णेसारखी मिरवत नाही, बऱ्याचदा कोरडी असते. सावली नाही, रस्ता सतत लाटांसारखा वरखाली, दोन मिनिटं चढ, एक मिनिट उतार. अंजीर आणि सीताफळाच्या बागा. सीताफळाच्या दिवसांत रस्त्याच्या कडेला पाट्या घेऊन लोक बसलेले असतात, थांबून खा, बिया खिशात ठेवा. सासवडजवळ चांगावटेश्वराचं देऊळ आहे, दुपारी गारवा मिळतो.

तोटा एकच, बाभळीचे काटे. मावळात पंक्चर खडीने होतं, इथे काट्याने, आणि काटा टायरमध्ये अडकून बसतो, नवी ट्यूब घालायच्या आधी टायर आतून बोटाने चाचपा.

१३. वेल्हे-पाबे घाटाची गोल राईड कशी आहे?

अवघड पण भारी. खडकवासला, खानापूर, पाबे घाट, वेल्हे, मार्गासनी, नसरापूर आणि मग परत, एकूण शंभर-सव्वाशे किलोमीटर, घर कुठे आहे त्यावर. पाबे घाट छोटा आहे पण खडा आहे, वर पोचलं की तोरणा आणि राजगड समोर. वेल्ह्यापासून गुंजवणीच्या खोऱ्यातून खाली येताना उतार इतका हळुवार आहे की पेडल मारतोय हे विसरायला होतं (दुपारचा पश्चिमेचा वारा पाठीला असतो, प्रश्न ६). नसरापूरला बनेश्वराच्या देवळात सावलीत बसा. चेलाडी फाट्याहून पुण्यापर्यंत हायवे आहे, तिथे सर्व्हिस रोड पकडा आणि कात्रजला नवीन बोगदा टाळून जुन्या घाटाने या.

१४. पवना लूप म्हणतात तो नक्की कुठला रस्ता?

लोक ज्याला पवना लूप म्हणतात तो म्हणजे पौड, कोळवण, तिकोना पेठ, पवनानगर आणि तिथून कामशेत किंवा बेबडओहोळ-सोमाटणे. कामशेतला जाताना वाटेत बेडसे लेणी आहेत, वाट वाकडी करायला हरकत नाही. दोन्हींत सोमाटण्याचा रस्ता शांत, कामशेतचा देखणा. आठवड्याचा दिवस असेल तर कामशेत, रविवार असेल तर सोमाटणे.

१५. पाणी आणि खाण्याची सोय होते का?

प्रत्येक मोठ्या गावात चहा-वडापाव सकाळी सातपासून. पण खोऱ्याच्या शेवटच्या पंधरा-वीस किलोमीटरमध्ये काही मिळेल असं धरू नका. दोन बाटल्या कायम भरलेल्या, चिक्की किंवा गूळ-शेंगदाणे खिशात. पाणी संपलं तर कुठल्याही घरासमोर थांबून मागा, कोणी नाही म्हणत नाही, उलट चहा घ्यायला लावतात आणि मग घड्याळ विसरा. धरणाचं पाणी पिऊ नका, त्यात उतरू पण नका. काठ दिसतो उथळ पण खाली गाळ असतो.

१६. कुत्री मागे लागतात हो, काय करायचं?

पळू नका, वेग वाढवला की ती पण वाढवतात. थांबा, खाली उतरा, सायकल मध्ये धरा आणि मोठ्या आवाजात हाड म्हणा. दहापैकी नऊ वेळा तेवढ्यात काम होतं. मेंढपाळांचे वाडे असतील तिथे जास्त सावध, ती कुत्री राखण करायलाच आहेत. तिथे चालत पुढे जा.

१७. मॅप दाखवतो त्या रस्त्याने गेलो तर रस्ता पाण्यातच गेला. असं का?

कारण जुना रस्ता खरंच पाण्यात गेलाय. धरणं झाली तेव्हा गावं उठली, रस्ते बुडाले, काही नकाशांवर त्यांचे तुकडे अजून आहेत. जलाशयाजवळ मॅपने शॉर्टकट दाखवला तर विश्वास ठेवू नका, सॅटेलाईटचं चित्र उघडून बघा. आणि रेंज नसते, नकाशा आधीच डाउनलोड करा. सगळ्यात भरवशाचं म्हणजे चौकातल्या माणसाला "एसटी जाते का पुढे?" एवढं विचारणं. एसटी जात असेल तर सायकल जाते.

१८. कुठल्या दिवशी शांत रस्तासुद्धा शांत नसतो?

यात्रांच्या दिवशी. मांढरदेव पौष पौर्णिमेला, म्हणजे जानेवारीच्या आसपास. २००५ साली तिथे चेंगराचेंगरीत फार माणसं गेली, तेव्हापासून बंदोबस्त कडक असतो आणि रस्ते बंद केले जातात. वाईजवळ बावधनचं बगाड रंगपंचमीला. नारायणपूरला दर गुरुवारी आणि दत्तजयंतीला. आषाढीच्या आधी ज्ञानेश्वर माऊलींची पालखी दिवे घाटातून सासवडला येते, तेव्हा पुरंदरचा बेत रद्द करा किंवा पालखीबरोबर चाला.

आणि ऊस. साधारण नोव्हेंबर ते मार्च वाई आणि भुईंजच्या बाजूला एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडून ऊस चाललेला असतो. मागची ट्रॉली वळणात आत येते, आणि रात्री तिला मागे दिवा नसतो. ओव्हरटेक करायचाच असेल तर सरळ रस्त्यावर, ड्रायव्हरला आरशात दिसल्यावर.

१९. मी एकटी मुलगी आहे, या रस्त्यांवर एकटीने जाऊ का?

बऱ्याच जणी जातात. त्यांच्याकडून ऐकलं तसं लिहितो: गावांमध्ये त्रास कमी, कौतुक आणि चौकशा जास्त. त्रास होतो तो शनिवार-रविवारी धरणाच्या काठी प्यायला बसलेल्या टोळक्यांचा. म्हणून मधला वार, पहाटेची वेळ, घरच्यांना लाइव्ह लोकेशन, आणि पहिल्या एक-दोन वेळा सोबत घेऊन रस्ता ओळखीचा करून घ्या. रेंज जाणाऱ्या शेवटच्या टप्प्याच्या आधी एक मेसेज टाकून ठेवा. संध्याकाळ होऊ देऊ नका, हे पुरुषांनाही लागू, भोर-वाईच्या जंगलपट्ट्यात बिबट्या आहे.

२०. एक्स्प्रेसवेवर सायकल चालते का? टोल लागतो का?

मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर सायकलला बंदी आहे, दुचाकीलाही आहे. जुन्या हायवेने जायचं. टोल सायकलला नाही, टोलनाक्यावर सगळ्यात डावीकडून निघून जा.

२१. सायकल मोडली तर परत कसं यायचं?

दोन ट्यूब, पॅच, पंप, टायर लिव्हर आणि चेन तोडायचं टूल एवढं असेल तर बहुतेक गोष्टी रस्त्यावर जमतात. पंक्चरवाला भोर, वाई, पौड, कामशेत, सासवडला मिळतो, पण रोडबाईकची बारीक ट्यूब आणि लांब व्हॉल्व्ह त्याच्याकडे नसतो, ते तुमचं तुम्ही न्या. अगदीच झालं तर दुधाचा किंवा भाजीचा टेम्पो थांबवा, मोठ्या गावापर्यंत सोडतात. एसटीला वर कॅरिअर असेल तर कंडक्टरला लगेजचं विचारा, नवीन गाड्यांच्या टपावर कॅरिअरच नसतं मग प्रश्नच मिटला.

२२. बीआरएमची (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राईडची) तयारी या रस्त्यांवर होईल का?

चढाची होईल, वेळेची अर्धवट. २०० किमीच्या बीआरएमला साडेतेरा तास मिळतात, ३०० ला वीस. या रस्त्यांवर तुम्ही इतके थांबता की सरासरीची वाट लागते. महिन्यातून एकदा प्रश्न १० चा रस्ता भोरपर्यंत करून त्याच दिवशी परत या, बोपदेव-नारायणपूर दोन्ही बाजूंनी झालं की २०० ला घाबरायचं कारण उरत नाही. रात्रीचा सराव मात्र इथे नको, त्यासाठी हायवेचा रुंद शोल्डर बरा.

२३. ताम्हिणी पण सुंदर आहे की, तुमच्या यादीत का नाही?

सुंदर आहेच. मुळशीचं धरण टाटांचं, त्याच्याविरुद्ध सेनापती बापटांनी सत्याग्रह केला तो हाच भाग, आणि जलाशयाच्या कडेने जाताना दर वळणाला थांबावंसं वाटतं. पण रस्ता माणगावला उतरतो, म्हणजे प्रश्न २ प्रमाणे वाहतूक असणारच, आणि पावसाळ्यातल्या रविवारी गाड्या धबधब्यापाशी रस्त्यातच लावलेल्या असतात. जायचंच असेल तर ऑक्टोबरमधला एखादा मंगळवार-बुधवार, पौडहून सहाला निघून, घाट न उतरता वरूनच माघारी.